वरच्या वाडीत नारू नाही

माझ्या सरांनी वेल्ह्याच्या डोंगरातल्या एका वाडीला फसवलं. ज्या लेखातून फसवलं त्यावर पहिलं नाव त्यांचं आहे आणि दुसरं माझं. ते दुसरं नाव मला कोणी बहाल केलेलं नाही. मी ते घासाघीस करून मिळवलं. म्हणून ही गोष्ट सांगताना मला नुसता फिर्यादी होऊन उभं राहता येत नाही.

सर पुण्यातल्या एका संस्थेत सार्वजनिक आरोग्याचे प्राध्यापक होते आणि मी त्यांचा संशोधन सहायक. साठीचं दशक संपत आलं होतं. आमचा विषय नारू. आजच्या मुलांना तो सांगावा लागेल. पायऱ्यांच्या विहिरीत किंवा टाक्यात माणसं पाय बुडवून पाणी भरतात. त्या पाण्यातल्या डोळ्याला न दिसणाऱ्या किड्यांबरोबर नारू पोटात जातो, वर्षभर अंगात वाढतो आणि उन्हाळ्यात पायातून पांढऱ्या दोऱ्यासारखा बाहेर यायला लागतो. तो ओढून काढता येत नाही. काडीला गुंडाळून रोज थोडा थोडा बाहेर घ्यायचा. मध्येच तुटला तर पाय सुजतो, पिकतो आणि कधी कधी कायमचा आखडतो.

हे मी पुस्तकात वाचून शिकलो नाही. मी भोंगवलीचा. आमचं घर बौद्ध. धर्म बदलला तेव्हा मी शाळेत होतो, पण पाणी बदललं नव्हतं. गावची विहीर गावाची होती, आम्ही ओढ्याकाठच्या पायऱ्यांच्या झऱ्यावर जायचो. माझ्या डाव्या घोट्यावर नारूचा व्रण अजून आहे. शाळा सांभाळून मी भोरच्या बाजारात आईशेजारी बसून वांगी विकली. गिऱ्हाईक उठून निघालं, तरी त्याची नजर टोपलीवर असेल तर ते गेलेलं नसतं, हे मला तिथं कळलं. पुढच्या आयुष्यात मी जे काही मिळवलं ते बरंचसं एवढ्याच ज्ञानावर.

सरांचा एक सिद्धांत होता. नारू सखल गावांचा रोग आहे, डोंगरावरच्या वस्त्यांचं पाणी स्वच्छ, म्हणून तिथं तो नसतो. सिद्धांत चुकीचा आहे हे माहीत असून ते तो मांडत होते असं मी म्हणणार नाही. त्यांना तो खरा वाटत होता. तो तपासायला आम्ही भोर आणि वेल्ह्याच्या गावांत घरोघर पाहणी केली. सर जीपने कापूरहोळपर्यंत यायचे, ढाब्यावर बसून माझे भरलेले तक्ते नजरेखालून घालायचे आणि परत जायचे. डोंगर माझ्या वाट्याला होता.

पासलीच्या वरच्या अंगाला शेळ्यामेंढ्या पाळणाऱ्यांच्या काही वाड्या आहेत. त्यातल्या सगळ्यांत वरच्या वाडीत मी गेलो तेव्हा ऊन चढलं होतं. तिथली कारभारीण, म्हणजे वाडीतल्या मोठ्या घराची म्हातारी, उंबऱ्यात बसून कांदा निवडत होती. मी अंगणात उभा राहिलो. आत ये असं कोणी म्हटलं नाही.

"घरात कुणाला नारू आहे का?"

"न्हाई बा. घरात कुणाला न्हाई."

"गेल्या उन्हाळ्यात?"

"न्हाई म्हणलं न्हवं? किती इचारशील? सोयरीक जमवाय आलास का?"

शेजारच्या दोघी-तिघी तोंडाला पदर लावून हसल्या. मीही हसलो असतो. पण मी पाणी मागितल्यावर म्हातारीनं आधी गाव विचारलं, मग घर कुठल्या बाजूला ते विचारलं, आणि मग माझ्या ओंजळीत वरून पाणी ओतलं. पाणी गार होतं. मी प्यालो आणि माझं डोकं तापलं. त्या वाडीतल्या बाकीच्या घरांपुढं मी उभासुद्धा नीट राहिलो नाही. अंगणातून प्रश्न टाकला, उत्तर घेतलं, पुढं गेलो. प्रत्येक घराचं उत्तर एकच होतं. त्या दिवशी उतरताना मी मनात म्हणत होतो की बरं झालं, यांना नारू नाही, पुन्हा वर यायला नको.

तक्ते पाहून सर खूश झाले. लेख त्यांनीच लिहिला, इंग्रजीत, आणि लिहिला चांगला. मला बोलावून म्हणाले, "आभारात तुझं नाव घालतो."

"सर, आभार म्हणजे लग्नात वाढप्याला दिलेला नारळ."

"मग काय पाहिजे तुला?"

"लेखावर नाव."

"अरे, तुझ्या पदवीची शाई वाळली नाही अजून."

"डोंगराला पदवी दिसत नाही. पाय दिसतात."

सर हसले नाहीत. मी उठलो. मूळ तक्त्यांची पिशवी माझ्या खांद्याला होती, ती तशीच घेऊन दारापर्यंत गेलो. त्यांची नजर पिशवीवर होती.

"बस," ते म्हणाले. "तुला संशोधक व्हायचंय की दलाल?"

"दोन्ही यायला पाहिजे, सर."

त्यांनी शीर्षकाखाली स्वतःच्या नावानंतर माझं नाव लिहिलं. माझ्या देखत लिहा असा मी हट्ट धरला होता. बाहेर येऊन मी संस्थेच्या लेखनिकाला चहा पाजला.

लेख एका नावाजलेल्या नियतकालिकानं स्वीकारला. त्यात घालायला सरांना डोंगरावरच्या स्वच्छ पाण्याचं एक छायाचित्र हवं होतं. म्हणून पुढच्या उन्हाळ्यात मी कॅमेरा घेऊन पुन्हा त्या वाडीवर गेलो. वाडीचं पाणी म्हणजे खडकात खोदलेलं जुनं टाकं. पावसाळ्यात तुडुंब भरतं, पण उन्हाळ्यात तळाला जातं आणि बायका पायऱ्या उतरून, गुडघाभर पाण्यात उभ्या राहून घागरी भरतात. छायाचित्रात माणसं येऊ नयेत म्हणून मी टाक्याच्या मागच्या उतारावर गेलो. तिथं शेळ्या कोंडायचं एक खोपट होतं.

शेळ्या रानात गेल्या होत्या. आत एक तरुण बाई भिंतीला टेकून बसली होती, एक पाय लांब केलेला. पायाला कसला तरी पाला बांधलेला, आणि पाल्याखालून निघालेला पांढरा दोरा एका काडीला गुंडाळलेला. तिच्या पलीकडे एक म्हातारा आणि आणखी एक बाई. त्यांच्याही पायांना पाला. मला पाहून तरुण बाईनं पदर पुढं ओढला. तेवढ्यात मागून कारभारीण आली. तिच्या हातात फडक्यात बांधलेल्या भाकरी होत्या.

"इथं का ठेवलंय यांना?" मी विचारलं.

"मग कुठं ठिऊ? घरात चूल हाय. फोडणीचा वास लागला की त्यो आतल्या आत तुटतो. ही माजी सून हाय, तिचा पाय जाऊ देऊ का?"

"सगळ्या वाड्यांत असंच करता?"

"डोंगरात समदे आसंच करत्यात. पुरा निगाला की मग घरात."

"आजी, मी गेल्या वर्षी विचारलं तेव्हा तुम्ही नाही म्हणालात."

"घरात न्हाईच म्हणलं. त्यात खोटं काय? तू दाराशी आलास, दाराचं सांगितलं. हिकडं कुठं आलतास?" तिनं भाकरी सुनेपुढं ठेवल्या. "दवा हाय का तुज्याकडं?"

"नाही."

"मग इचारतोस कशाला सारखं?"

आमच्या भोंगवलीत नारूचा माणूस ओसरीवर पडून असायचा, येणारा-जाणारा त्याला बघायचा. डोंगरात तो घरातून हलवतात हे मला माहीत नव्हतं. आमच्या तक्त्यात पहिला रकाना घराचा होता. शेळ्यांच्या खोपटाचा रकाना कोणाच्या डोक्यात येणार? पण मी त्या दिवशी रागानं फिरलो नसतो, कोणाच्या परड्यात थोडा बसलो असतो, तर भाकरी घेऊन उताराकडं निघालेली बाई मला दिसली असती. हे मी सरांच्या माथी मारत नाही. इथवरची चूक कोणाचीही होऊ शकली असती. सरांचा भाग यापुढचा आहे.

निघताना कारभारणीनं विचारलं, "पासलीला म्हनत हुते, तुमचा मोटा डागदर गावोगाव हिरी बांधून देनार. आमचं टाकं कवा बंद करता? वरून पानी काढायची कायतरी सोय करा."

मी म्हणालो, करतो. हातात माल नसताना असलं उत्तर मी बाजारात कधी दिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी सरांसमोर उभा होतो. लेखाची मुद्रितं तपासून टेबलावर ठेवलेली होती, फक्त टपालात टाकायची राहिली होती. मी पाहिलं ते सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला.

"किती जण पाहिलेस?"

"एका खोपटात तिघं. बाकीच्या वाड्यांची खोपटं पाहायला हवीत. सगळा डोंगर पुन्हा फिरावा लागेल."

"तो होईपर्यंत पाऊस येईल. म्हणजे पुढचा उन्हाळा. म्हणजे वर्ष गेलं."

"जाऊ दे."

"तुला जाऊ दे म्हणायला काय जातं? मला परिषदेला बोलावलंय ते या लेखावर. तिघा जणांनी सिद्धांत पडत नाही."

"मग माझं नाव काढा."

सर खुर्चीत मागे रेलले. "भांडून घातलंस ना? आता छापखान्याला काय कळवू, वांगी परत न्यायचीत म्हणून?"

मी टेबलावर हात आपटला. दौत कलंडली आणि मुद्रितांच्या कडेवर शाई गेली. लेखनिक दारात येऊन उभा राहिला. त्याला पाहून सरांनी आवाज खाली आणला. म्हणाले, "हे बघ, शास्त्रात असं होतं. हा लेख जाऊ दे, पुढच्या लेखात आपण दुरुस्ती छापू. माझा शब्द."

उधारीचा शब्द घेऊन माल सोडायचा नाही, एवढं आईनं मला शिकवलं होतं. मी तो शब्द घेतला. सरांनी कडेची शाई टिपकागदानं टिपली आणि मुद्रितं पाकिटात घातली.

लेख छापून आला आणि चालला. लेख चालतो म्हणजे काय ते तेव्हा पोस्टमनवरून कळायचं. परदेशातले संशोधक पत्त्याचं कार्ड पाठवून लेखाची प्रत मागायचे. कार्डं येऊ लागली. सर ती वाचून टेबलाच्या काचेखाली सारायचे. लेखनिकाला तिकिटं जमवायचा नाद होता. तो म्हणायचा, "साहेब, तुमच्या नारूनं मला अख्खं जग दाखवलं." मग इतरांचे लेख येऊ लागले आणि त्यांच्या शेवटच्या संदर्भांत आम्ही दिसू लागलो. कोणी कोणाच्या लेखाचा आधार घेतला हे सांगणारे जाडजूड खंड ग्रंथालयात यायला लागले होते. सर त्यांत स्वतःचं नाव काढून बोट ठेवायचे आणि खाली बोट सरकवत न्यायचे. त्यांच्या प्रकाशनांच्या यादीत हा लेख सगळ्यांत वर गेला. माझ्या यादीत तर बराच काळ तो एकटाच होता. मला कायमची नोकरी मिळाली तेव्हा मुलाखतीत त्याच्याखेरीज कशाचंही विचारलं नाही. मीही दुसरं काही सांगितलं नाही.

मग पाण्याची योजना आली. भोर आणि वेल्हे दोन्हीकडच्या गावांतून कुठल्या जागा आधी बांधायच्या हे ठरवायला भोरच्या कचेरीत बैठक होती. मी रजा टाकून गेलो. तिथल्या अधिकाऱ्याच्या हातात आमच्या लेखाचा मराठी गोषवारा होता. डोंगरातल्या वाड्यांची नावं येताच तो वाचू लागला, "उंचावरील वस्त्यांत नारू आढळत नाही."

मी उठलो. "आढळतो. मी पाहिलाय."

"कुठं लिहिलंय?"

"लिहिलेलं नाही. पाहिलाय म्हणतो."

"पाव्हणं, हितं लिहिलंय की न्हाई म्हणून. मोठ्या माणसांनी लिहिलंय."

"ते दुसरं नाव वाचा. तो मीच."

त्यानं वाचलं, माझ्याकडं पाहिलं, पुन्हा कागदाकडं पाहिलं. शेजारच्यानं हळूच म्हटलं, "मग भांडण कुणाशी हाय तुमचं?" सगळी बैठक हसली. अधिकारी वाईट माणूस नव्हता. त्यानं मला समजावून सांगितलं की छापलेलं खोडायला दुसरं छापलेलं लागतं. ते आणा, मी वाडी यादीत घेतो.

यादीत भोंगवली होती. आमच्या ओढ्याकाठच्या पायऱ्या बुजवल्या आणि वस्तीला कठड्याची, कप्पीची विहीर मिळाली. पहिला पोहरा आईनं ओढला. "माझ्या ल्येकाच्या लेखानं पाणी आलं," असं ती चार आळ्यांत सांगत फिरली. मी ते पाणी प्यालो. चांगलं होतं. योजनेत मोजक्याच विहिरी होत्या. डोंगर वगळला म्हणून त्या खाली आल्या, हे मी तिला सांगितलं नाही. आमच्या वस्तीला ती विहीर पिढ्यान्‌पिढ्या आधीच मिळायला हवी होती, हेही खरं आहे. पण एका खऱ्यानं दुसरं खरं पुसलं जात नाही.

पुढचा उन्हाळा मी स्वतःच्या रजेत डोंगरात काढला. आता दाराशी उभा राहिलो नाही, खोपटाखोपटांतून फिरलो. नारू जवळजवळ प्रत्येक वाडीत होता. दुरुस्तीचा छोटा लेख लिहिला आणि त्याच नियतकालिकाकडं पाठवला. संपादकाचं उत्तर आलं की मूळ लेखाच्या पहिल्या लेखकाची संमती हवी. सरांची एक सही.

"आता नको," सर म्हणाले. "माझ्या बढतीची निवड समिती बसलीय." समिती उठली तेव्हा म्हणाले, पुढची परिषद होऊन जाऊ दे. मग म्हणाले, इतक्या लोकांनी आधार घेतलाय, आता त्या सगळ्यांना खोटं पाडायचं का? मी ओरडलो, विनवण्या केल्या. पाहिजे तर दुरुस्तीवर तुमचं एकट्याचं नाव घाला असंही म्हणालो. नाव सोडायला तयार झालेलं गिऱ्हाईक पाहून ते मनापासून चकित झाले. पण सही केली नाही.

शेवटी मी तो लेख डॉक्टरांच्या एका छोट्या मराठी पत्रकात छापला. कार्ड एकही आलं नाही. पत्रक घेऊन भोरला गेलो तर तो अधिकारी बदलून गेला होता आणि नव्यानं विचारलं, हे कुठलं पत्रक? जुना लेख त्याच्या कपाटात होता.

पत्रक घेऊन मी वरच्या वाडीतही गेलो. का गेलो, सांगता येत नाही. कारभारणीची सून अंगणात शेळीला पाला घालत होती. तिचा पाय गुडघ्यात वाकलेलाच राहिला होता, काठी टेकून उड्या घेत चालत होती. त्या वर्षी तिचा दुसरा नारू आत तुटला होता. खोपटात असूनही तुटला होता, त्याला फोडणी काय करणार आणि खोपट काय करणार. इलाज एकच होता, टाक्याच्या पायऱ्या बुजवणं.

कारभारणीनं या वेळी मला ओसरीवर बसवलं. तांब्या माझ्या हातात दिला, वरून ओतलं नाही. मग विचारलं, "तुमच्या गावात हीर झाली म्हनं?"

"झाली."

"ग्वाड हाय का पानी?"

"आहे."

"बरं झालं," ती म्हणाली. टोमणा नव्हता त्यात. टोमणा असता तर मी उलटून बोलून मोकळा झालो असतो.

आता सर निवृत्त झालेत. त्यांच्या गौरवासाठी एक ग्रंथ निघतोय आणि त्यांच्या सर्वाधिक आधार घेतल्या गेलेल्या लेखाविषयी मी लिहावं असं संपादकांनी मला कळवलं आहे, कारण त्याचा दुसरा लेखक मी. पत्राखाली सरांचीही सही आहे. मी संपादकांना हेच लिहून पाठवलं. जागेअभावी घेता येत नाही असं उत्तर आलं. म्हणून ते इथं लिहिलं आहे.

सर, माझं नाव त्या लेखावरून निघणार नाही हे मला समजलं आहे. भांडून लावलेलं नाव भांडून काढता येत नाही. त्यावर मी भाकरी खाल्ली, त्याच्या विहिरीचं पाणी प्यालो, आणि दोन्ही मला पचलेलं नाही. माझा हिशेब मी कारभारणीच्या ओसरीवर बसून ऐकून आलो आहे. तुमचा राहिला आहे. दुरुस्तीचा कागद माझ्याकडं अजून आहे, तुमच्या सहीची जागा तशीच मोकळी आहे. तुमचा हात अजून चालतो, गौरवग्रंथाच्या आमंत्रणावर तुमचीही सही होती. तीच सही त्या वाडीसाठी का झाली नाही, हे सांगा. मला सांगू नका, मी ऐकून घेईन आणि पुन्हा घासाघीस करीन. पासलीवरून वर चढा, टाक्याच्या मागच्या उतारावर जा, आणि ते त्या वाकल्या पायाच्या सुनेसमोर उभं राहून सांगा.